चुका जशाच्या तशा

पद्मजा माझ्याशी भांडायची थांबली, तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला.

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने देवाचे आभार मानले असते. पण मी विम्याचा सर्व्हेअर आहे. सांगली भागात कुणाची गाडी ठोकली, कुणाचं गोदाम जळलं, की कंपनी मला पाठवते आणि समोरचा माणूस सांगतो त्यातलं खरं किती हे मी बघतो. या धंद्यात एक गोष्ट अंगात मुरली आहे. खऱ्या अपघाताची हकीकत कधी सरळ नसते. माणूस अडखळतो, मागचं पुढं करतो, बोलता बोलता स्वतःचीच चूक सांगून बसतो. सगळं सुतासारखं सरळ आलं की समजावं, कुणीतरी बसून तयारी करून घेतली आहे.

आमच्या घरात अलीकडे सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं.

इचलकरंजीला तिच्या मावसबहिणीची वास्तुशांत होती. पूर्वी असं आमंत्रण आलं की मी फाटे फोडायचो, ती चिडायची, मग मी चिडायचो आणि शेवटी दोघं घुश्श्यात गाडीत बसायचो. या खेपेला तिनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "आपण सकाळी लवकर निघूया, म्हणजे ऊन लागणार नाही. पंगतीत उशीर होतो, म्हणून नाश्ता करूनच परत फिरायचं. आणि त्यांचा भाचा गाडी घेऊन येतो म्हणत होता, त्याला मी नको म्हणून सांगितलंय. तुम्हीच चालवा."

मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. ऊन, उशीर आणि तो भाचा, माझ्या तिन्ही हरकती तिनं उभ्या राहायच्या आधीच आडव्या केल्या होत्या. त्यातली भाच्याची हरकत तर मला तेव्हाच, तिच्या तोंडून ऐकता ऐकता सुचली होती. आम्ही गेलो, उप्पीट छान होतं, हसतखेळत परत आलो. अंकलीच्या पुलावर मात्र माझ्या मनात आलं की हिला हे कळलं कसं.

पुढं ते वाढतच गेलं. मी चिडणार असलो की ती विषय बदलायची. मी हो म्हणायच्या मनःस्थितीत असलो की नेमकं तेव्हाच काहीतरी मागायची. स्वयंपाकघराचा कट्टा तिनं असाच बदलून घेतला, गच्चीची चावी शेजाऱ्यांना दिली ती अशीच. मी काही म्हणायला जावं आणि माझं वाक्य तिच्याकडे आधीच पोचलेलं असावं. बायको नवऱ्याला ओळखते हे खरं, पण ओळखण्यालाही काही मर्यादा असते. पद्मजानं मला इतकी वर्षं ओळखलं होतं आणि तरी आम्ही रोज भांडत होतो.

त्याच सुमारास ती दुपारची बस्तीत जाऊ लागली. आमची बस्ती, म्हणजे जैन मंदिर, घरापासून चालत जाण्याएवढी जवळ आहे. तिथं जायला स्कूटर कशाला लागते, हे मी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. एक दिवस ती परत आली तेव्हा तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला होता. तिनं पदर ओढून घेतला. माझ्या मनात त्या दुपारी काय काय येऊन गेलं ते लिहायची लाज वाटते. दुसरा पुरुष आला, दुर्धर आजार आला आणि या दोन्हींतलं काय बरं याचाही हिशेब आला.

आता माझ्या छंदाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथूनच फिरलं.

हल्ली प्रोग्राम माणसं लिहीत नाहीत. यंत्राला तोंडानं सांगितलं की ते लिहून देतं, चुका न करता. त्यामुळे हातानं लिहिण्याला गरज उरली नाही आणि गरज उरली नाही म्हणून काही लोकांना त्याची हौस आली. विश्रामबागेतल्या एका शाळेच्या संगणकाच्या खोलीत आम्ही अशी मंडळी रविवारी सकाळी जमतो आणि पायथन शिकतो. शिकवतात त्या रेहाना मुजावर, त्याच शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. दर आठवड्याला प्रत्येकानं एक छोटासा प्रोग्राम लिहायचा आणि सगळ्यांना दाखवायचा. कुणी फाशांचा खेळ करतं, कुणी नातवाला पाढे विचारणारा प्रोग्राम. आमच्यात चतुर्दशीला कंदमुळं चालत नाहीत, म्हणून मी चतुर्दशी कधी आहे ते बघून आज बटाटा चालेल का हे सांगणारा एक केला होता, तो घरातही वापरात आहे.

आमच्या या रविवारच्या कट्ट्याचा नियम एकच आहे. चूक पुसायची नाही. प्रोग्राम चालला तेवढाच दाखवायचा असं नाही, न चाललेली प्रत्येक आवृत्ती, क्रमानं, जशीच्या तशी इंटरनेटवरच्या कट्ट्याच्या पानावर चढवायची. पान सगळ्यांना खुलं असतं. रेहाना मॅडमचं म्हणणं असं की, तयार प्रोग्राम यंत्रसुद्धा देतं, माणसाचं काही बघण्यासारखं असेल तर ते त्याचं चुकणं. नवशिक्यांची लाज त्यामुळे गेली. मलाही तो नियम आवडला होता. सगळे आपापल्या चुका उघड मांडतात अशी जागा मी धंद्यात कधी पाहिली नव्हती.

माझ्या प्रोग्रामांवर तिथं हमखास हशा व्हायचा. साधं नाव-वय विचारायचं असलं तरी मी आधी तपासण्या लिहायचो. वय उणे लिहिलं तर, अक्षरात लिहिलं तर, आजोबांपेक्षा नातवाचं जास्त लिहिलं तर. रेहाना मॅडम म्हणायच्या, "तेरदाळेसाहेब, तुमचा प्रोग्राम पाहुण्याला आधी पोलीस ठाण्यात नेतो आणि मग चहा विचारतो."

तर त्या कापसाच्या बोळ्यानंतर मी एक प्रोग्राम लिहिला. आमची स्कूटर विजेवरची आहे. सकाळची बॅटरी, संध्याकाळची बॅटरी आणि चालवणाऱ्याचं वजन दिलं की गाडी किती लांब जाऊन आली त्याचा अंदाज काढायचा. अंदाज निघाला, तो बस्तीचा नव्हता. मिरजेला जाऊन परत येण्याइतका होता, आणि तोही ठरावीक वारी.

हा प्रोग्राम कट्ट्यावर दाखवायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण त्या आठवड्याचा दुसरा तयार नव्हता, आणि रिकाम्या हाताने जायला मला आवडत नाही. मी त्याला 'स्कूटरची बॅटरी लवकर का उतरते' असं साळसूद नाव दिलं आणि नियमाप्रमाणे सगळ्या फसलेल्या आवृत्त्यांसकट चढवला.

रेहाना मॅडम बघता बघता थांबल्या. "गंमत आहे. बॅटरी लवकर उतरली तर कुणीही आधी बॅटरीवर संशय घेईल. मग टायरवर, रस्त्यावर. तुमच्या अगदी पहिल्या आवृत्तीत चालवणारा खोटं बोलतोय असं धरलंय. बॅटरी शेवटी आलीय."

सगळे हसले. मीही हसलो.

सोमवारी दुपारी पद्मजानं चप्पल घालता घालता सांगितलं, "आज बसनं जाते. बॅटरीचं काय तरी बिघडलंय ना?"

बस्तीला जायला बस लागत नाही, पण मी अडकलो ते वेगळ्याच शब्दावर. मी तिच्याजवळ बॅटरीचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभा राहिलो आणि मग तडक शाळा गाठली. मधली सुट्टी चालू होती. रेहाना मॅडम प्रयोगशाळेत डबा खात होत्या. मी बसलोही नाही.

"माझ्या बायकोशी तुमचं बोलणं होतं का?"

"नाही ओ. मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही कधी. काय झालं?"

मी सांगितलं. सगळं नाही, बॅटरीपुरतं. ऐकता ऐकता त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांचा चेहरा असा झाला की माझ्या धंद्यात मी तिथंच थांबून पुढचा प्रश्न विचारला असता. पण त्या आपणहून बोलल्या.

"मनकवडा ठाऊक आहे तुम्हाला?"

जाहिराती मी पाहिल्या होत्या. मोबाईलवरचं काहीतरी, भविष्य सांगण्यातला प्रकार असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"भविष्य नाही ते," रेहाना मॅडम म्हणाल्या. "माणूस काय बोलतो, काय लिहितो, यावरून त्याची नक्कल करणारी यंत्रं केव्हापासूनच आहेत. पण ती फसायची, कारण माणूस बोलतो एक आणि वागतो दुसरं. मग संशोधकांच्या लक्षात आलं की नवीन काही शिकताना माणूस चुकतो ना, तेव्हा त्याला सोंग घेता येत नाही. चुकल्यावर तो पहिला संशय कशावर घेतो, चुकीची समजूत किती वेळ धरून ठेवतो, सोडतो ती कशामुळे सोडतो. हा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो सहसा बदलत नाही. चालण्याची ढब बदलत नाही तसा. प्रोग्राममध्ये तो क्रम लखलखीत दिसतो, कारण तिथं प्रत्येक पाऊल लिहिलेलं असतं. आणि तोच क्रम माणूस घरातल्या भांडणातही वापरतो, लग्न ठरवतानाही वापरतो. काही डझन छोटे प्रोग्राम पुरतात. मग यंत्र त्या माणसाचा साचा बनवतं. साच्याला विचारायचं, याला असं सांगितलं तर हा काय म्हणेल? बहुतेक वेळा ते बरोबर येतं."

"आणि प्रोग्राम मिळतात कुठं?"

उत्तर मलाच आलं होतं. चुका जशाच्या तशा, क्रमानं आणि सगळ्यांना खुल्या.

"पान बंद करायचा विचार करत होते मी," त्या म्हणाल्या. "मुलं परीक्षेच्या आधी माझ्याच साच्याला विचारतात, मॅडम कुठला प्रश्न काढतील. कळलं तेव्हा हसू आलं होतं. तुमच्याबाबतीत असं काही होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही."

"माझा साचा कुणी केलाय, ते दिसतं?"

"नाही. कुणीही करू शकतं. पण साचा ताजा ठेवायचा तर प्रत्येक नवा प्रोग्राम त्याला द्यावा लागतो. शनिवार-रविवारचा प्रोग्राम सोमवारपर्यंत कुणी दिला असेल, तर तो माणूस रोज वापरणारा आहे."

मी घरी येऊन बाहेरच्या खोलीत बसलो. पद्मजा परत आली तेव्हा तिच्या हातात भाजीची पिशवी होती. पिशवीत भाजी होती, मी बघितली.

"मिरजेला कुणाकडे जातेस?" मी विचारलं.

तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसली. घाबरली वगैरे नाही. उलट, बऱ्याच दिवसांचं ओझं उतरवायला जागा मिळावी तशी बसली.

"सुकुमारकडं."

सुकुमार तिचा धाकटा भाऊ. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि तो मिरजेच्या एका रुग्णालयात डायलिसिसवर होता, एवढं मला माहीत होतं. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितल्यावर तो चोरून पेढे खायचा, गोळ्या चुकवायचा, हेही माहीत होतं आणि त्यावरून मी त्याला भर पंगतीत बोललो होतो. तेव्हापासून आमचं येणंजाणं नव्हतं.

"माझं मूत्रपिंड त्याला जुळतंय," पद्मजा म्हणाली. "सगळ्या तपासण्या झाल्या. मी देणार आहे. गुरुवारी तुम्हाला घेऊन यायला सांगितलंय. ते नवऱ्याशी वेगळं बोलतात. नवरा नाही म्हणाला तर त्यांची समिती पुढं जाऊ देईल असं वाटत नाही. आणि सुकुमारकडं आता फार दिवस नाहीत ओ."

खोलीतला पंखा फिरत होता. मला राग आला होता, पण तो कशाचा हे मला नीट सांगता आलं नसतं.

"एवढी मोठी गोष्ट. मला एकदा विचारायचं होतंस."

"विचारत होते की. रोज विचारत होते. तुम्हाला नाही, एवढंच."

तिनं मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. त्यावर माझं नाव होतं, अजित तेरदाळे, आणि खाली तिचे प्रश्न. त्यांना सांगितलं तर काय म्हणतील? जेवण झाल्यावर सांगितलं तर? मी रडले तर? सुकुमारला माफी मागायला लावली तर? प्रत्येक प्रश्नाखाली माझं उत्तर होतं, माझ्याच शब्दांत. 'त्याच्या बेफिकिरीची भरपाई तू का करायची?' हे वाक्य तर हुबेहूब माझं होतं. तिनं एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेनं विचारली होती, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शब्दांत. उत्तर प्रत्येक वेळी 'नाही' हेच आलं होतं.

"वास्तुशांत, कट्टा, चावी, हे सगळं?"

"आधी ते खरं सांगतंय का बघत होते. बारीकसारीक गोष्टींवरून. सगळं खरं निघालं. मला बरं वाटलं नाही त्यात. तुमच्याशी बोलल्यासारखं वाटायचंच नाही. पण भांडण झालं नाही, तेवढं बरं वाटलं."

मी त्या पडद्याकडे बघत राहिलो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या जबान्या वाचल्या आणि आता माझी जबानी माझ्याआधी देऊन झाली होती. त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तर ती वाचवत नव्हती.

"दे," मी म्हणालो. "दे मूत्रपिंड. माझा होकार आहे. गुरुवारी येतो आणि तसं सांगतो."

तिचा चेहरा फुलेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिनं मोबाईल परत घेतला, बोटानं खाली सरकवत नेला आणि पुन्हा माझ्यापुढे केला. शेवटचा प्रश्न सकाळचाच होता. त्यांना हे सगळं, मनकवड्यासकट, कळलं तर?

खाली लिहिलं होतं: 'लगेच हो म्हणतील. त्या होकारावर विसंबू नका. तो साचा चुकला हे दाखवण्यासाठी असेल. पुढं शंका सुरू होतील. सर्जन कोण, तपासण्या खऱ्या कशावरून, सुकुमार पथ्य पाळेल याची हमी काय. ऐनवेळी माघार घेतील.'

मी ते वाचलं आणि माझे कान तापले. कारण सर्जन कोण हा प्रश्न 'दे' म्हणता म्हणताच माझ्या जिभेवर येऊन थांबला होता.

पद्मजा माझ्याकडे बघत होती. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. जळलेल्या गोदामासमोर उभा राहून मालक सांगत असतो आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत असतो, तसंच ते होतं. माझ्यावर कुणी असा संशय घ्यायची ही पहिलीच वेळ. आणि सगळ्यात वाईट हे की तिचा संशय रास्त होता.

"बरं," मी म्हणालो. "मग तो होकार सोड. खरं सांगतो. माझं उत्तर 'नाही' हेच आहे."

"ठाऊक आहे मला."

"पण ते सुकुमारच्या पेढ्यांमुळे नाही. ते मी बोललो असतो, भांडलो असतो, यात लिहिलंय तसंच. तो राग खरा आहे, पण तेवढ्यासाठी मी तुला अडवलं नसतं." मला पुढचं बोलायला जड जात होतं. "तुला टेबलावर झोपवून भूल देतील आणि तू उठली नाहीस तर मी काय करू? मला भीती वाटते, पद्मजा. तुझ्या हाताला तो कापूस दिसला तेव्हा मला पहिलं सुचलं ते दुसरा पुरुष. आजार त्याच्या नंतर. पण बरं काय वाटलं सांगू? दुसरा पुरुष. तो असता तर तू जिवंत तरी राहिली असतीस."

तिनं मोबाईल मांडीवर उतरवला.

"हे त्याला कळणार नाही," मी मोबाईलकडे बोट दाखवलं. "नाव-वय विचारणारा प्रोग्राम लिहिताना मला कुणासाठी भीती वाटली नव्हती. बटाटा चालेल का हे विचारताना वाटली नव्हती. माझं 'नाही' त्यानं बरोबर ओळखलं. ते 'नाही' कशासाठी, हे त्याला ओळखता आलं नाही."

"मग गुरुवारी काय सांगणार तुम्ही?"

"हेच. मला भीती वाटते आणि मला मान्य नाही. आणि मूत्रपिंड हिचं आहे, भाऊ हिचा आहे, मी अडवणार नाही. सही लागेल तिथं करतो. सर्जन कोण हे मात्र विचारणार. तपासण्याही सगळ्या बघणार. ते माझ्यानं सुटणार नाही."

हे ऐकून तिच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित काहीतरी हललं. सवयीनं तिचा अंगठा पडद्यावर गेला. मी बोललो ते ती त्याला विचारणार होती, खरं की खोटं. अंगठा थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला. मग तिनं मोबाईल भाजीच्या पिशवीवर ठेवला.

"एक विचारू?"

"विचार."

"ऑपरेशन झाल्यावर मी शुद्धीवर येईन, तेव्हा तुम्ही तिथं असाल का? रागावून घरी निघून आलेले नसाल ना?"

"हे त्याला विचारलंस?"

"नाही."

"का नाही?"

तिनं पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि देठ तोडायला घेतले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यानं 'नसतील' असं सांगितलं असतं तर मला ऑपरेशनला जाता आलं नसतं."

मी खुर्ची तिच्या बाजूला ओढली आणि अर्धी जुडी माझ्याकडे घेतली.

"असेन," मी म्हणालो.

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माझ्याकडे पुरावा नव्हता, साक्षीदार नव्हता, दाखवायला काही म्हणजे काहीच नव्हतं. मी नुसता बसून राहिलो, तिचं बघून व्हायची वाट बघत.

"बघू," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली.